मागून येणारा उजेड: कोकण किनाऱ्यावर सकाळ कशासाठी आणि संध्याकाळ कशासाठी?

कवडसा

बॅकलाइटबद्दल विचारणारे सुटे प्रश्न इथे दर आठवड्याला येतात. 'चेहरा काळा पडला', 'सगळा फोटो दुधाळ झाला', 'सूर्य म्हणजे नुसता पांढरा डाग'. सगळं एका ठिकाणी असावं म्हणून हा धागा. उदाहरणं मुद्दाम किनाऱ्यावरची घेतो आहे, कारण इथली दिशा ठरलेली आहे: पश्चिमेला समुद्र, पूर्वेला माड, सुरूची झाडं आणि त्यामागे सह्याद्री.

उजेड विषयाच्या (ज्याचा फोटो काढतो त्याच्या) मागे असला की तीन निराळी चित्रं मिळू शकतात. एक, नुसती काळी आकृती, म्हणजे छायाकृती. दोन, विषय काळसर पण केस, खांदे, दोर, शिंतोडे यांच्या कडा पेटलेल्या. तीन, उजेड आरपार गेलेला: केळीचं पान, सुकत घातलेला बोंबील, होडीचं शीड, कोकम सरबताचा ग्लास. बहुतेक गोंधळ ही तिन्ही एकाच फोटोत मागितल्यामुळे होतो.

पहिल्या दोन प्रकारांत फरक पाडते ती मागची बाजू. सूर्य दोन्हीकडे तोच असतो. काळी आकृती दिसायला मागे उजळ काहीतरी लागतं. पेटलेली कड दिसायला मागे काळोख लागतो. पांढऱ्या आकाशावर पांढरी कड कुठून दिसणार?

आता हे किनाऱ्याला लावून पाहा. संध्याकाळी सूर्याकडे तोंड केलं की मागे आकाश आणि चकाकणारं पाणी, म्हणजे छायाकृतीची वेळ. सकाळी सूर्याकडे तोंड केलं की पाठ समुद्राला आणि समोर सुरूच्या बनाची स्वतःच्याच सावलीत बुडालेली बाजू. कडेच्या उजेडासाठी याहून चांगला काळा पडदा विकत मिळत नाही. सगळे संध्याकाळीच किनाऱ्यावर जातात आणि मग केसांच्या कडा का चमकत नाहीत म्हणून विचारतात.

सकाळी उभं कुठे राहायचं याचा हिशोब करता येतो. झाडं साधारण १५ मीटर उंच धरा. विषय झाडांपासून ३० मीटरवर असेल तर सूर्य २६-२७ अंश वर आल्याशिवाय त्याच्यापर्यंत ऊन पोचत नाही, म्हणजे सूर्योदयानंतर जवळजवळ दोन तास. ६० मीटरवर १४ अंश, म्हणजे तासभर. १०० मीटरवर साडेआठ अंश, म्हणजे ३५-४० मिनिटं. ओहोटीची सकाळ असेल तर विषय थेट पाण्याच्या रेषेपर्यंत नेता येतो आणि कोवळं ऊन लवकर मिळतं. पूर्वेला डोंगर जवळ असेल तर त्याचीही उंची धरायला हवी.

सुरुवातीची सेटिंग्ज, म्हणजे यांच्यापासून पुढे सरकायचं, यांवर थांबायचं नाही (आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, एफ म्हणजे लेन्सचं छिद्र, अपूर्णांक म्हणजे शटर किती सेकंद उघडं ते):
छायाकृती, सूर्य क्षितिजाच्या थोडा वर: आयएसओ १००, एफ/८, १/५०० ते १/१०००.
कडेचा उजेड, मागे काळी झाडं: आयएसओ २००, एफ/४, १/१०००. कॅमेऱ्याच्या स्वयंचलित मोजणीवर असाल तर एक ते दीड स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), कारण काळं बन बघून कॅमेरा उगाच उजेड वाढवतो आणि कड जळते.
सूर्य बुडाल्यावर दहा मिनिटांनी छायाकृती: आयएसओ २००, एफ/४, १/२५०.

---

नवी_लाट

उत्तम धागा. मोबाइलवाल्यांसाठी काही आहे का? माझ्याकडे कॅमेरा नाही. संध्याकाळी होडीचा फोटो काढला की होडीवरचा रंगसुद्धा दिसतो आणि आकाश फिकट येतं. छायाकृती होतच नाही.

---

लेन्सपुसणी

नवी_लाट, तुमचा फोन तुमच्यापेक्षा जास्त हुशारी करतोय. एचडीआर चालू आहे. फोन एकामागोमाग अनेक फोटो घेऊन सावल्या उचलतो, आकाश दाबतो आणि दोन्ही एका पातळीवर आणतो. छायाकृतीला हेच नको असतं. सेटिंग्जमध्ये बंद करता येत असेल तर करा. काही फोनमध्ये ती सोय नसते. तिथे प्रो मोड वापरा किंवा रॉ (फोनने प्रक्रिया न केलेली फाइल) घ्या.

पायऱ्या अशा:
सूर्याच्या शेजारच्या आकाशावर (थेट सूर्यावर नाही) बोट दाबून धरा, फोकस-एक्स्पोजर लॉक होईल. मग शेजारी येणारी सूर्याची खूण खाली ओढा, होडी काळी होऊन ढगांना रंग येईपर्यंत. लॉक न करता नुसतं टिचकी मारलं तर फ्रेम हलवताक्षणी फोन पुन्हा स्वतःचं चालवतो.

अल्ट्रावाइड लेन्स टाळा, तीत फ्लेअर (सूर्यामुळे येणारे ठिपके, धुरकटपणा) सहसा जास्त येतो. मुख्य लेन्स घ्या. पोर्ट्रेट मोडही बंद ठेवा, कारण मागून उजळलेल्या भुरभुऱ्या केसांची कड सॉफ्टवेअरला नीट कापता येत नाही. नेमकी जी गोष्ट टिपायला गेलात तीच पुसली जाते.

आणि काढण्याआधी लेन्स पुसा. खिशातल्या फोनच्या लेन्सवर बोटाचा तेलकट ठसा असतोच. समोर सूर्य असला की त्याच ठशाची उभी-आडवी प्रकाशाची रेघ होते. लोक तिला 'इफेक्ट' म्हणतात.

फोटोत हिरवा ठिपका येतो तोही सांगून टाकतो. ती सूर्याची लेन्सच्या आत उलटसुलट होऊन आलेली प्रतिमा. फ्रेमच्या मध्यबिंदूपासून सूर्य जितका डावीकडे-वर, तितकाच ठिपका उजवीकडे-खाली. हे कळलं की उपाय सोपा: सूर्य जरा हलवून ठिपका उजळ जागेत लपवा, किंवा सूर्य बरोबर मध्यावर घ्या म्हणजे ठिपका त्याच्यातच विरतो. चेहऱ्यावर पडला तर नंतर खोडणं जिकिरीचं.

---

भरतीओहोटी

कवडसा यांच्या हिशोबात ओहोटी आली म्हणून भर घालतो. ओल्या वाळूचा आरसा हवा असेल तर सूर्यास्ताला ओहोटी असणारे दिवस निवडावे लागतात, आणि त्याला ॲप नसलं तरी चालतं. किनाऱ्यावरचा जुना हिशोब: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी, ८ चे पाऊणपट ६, म्हणजे भरती साधारण ६ वाजता. पौर्णिमेला १५ चे सव्वाअकरा. भरतीनंतर सुमारे सहा तास बारा मिनिटांनी ओहोटी पूर्ण होते.

म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या आसपास, द्वितीयेला पावणेआठच्या आसपास. चतुर्दशी ते द्वितीया हे दिवस सूर्यास्ताच्या आरशासाठी चांगले. त्यातून हे उधाणाचे दिवस, पाणी लांबवर ओसरतं, ओली वाळू रुंद मिळते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार हलत नाही आणि संध्याकाळी भरती असते. तेव्हा आरशाचा नाद सोडून लाटेच्या कण्यातून आरपार दिसणारा हिरवा उजेड टिपा. लाट फुटण्याआधी पातळ होते त्या क्षणी, १/१००० किंवा त्याहून जलद, आणि कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर.

हिशोब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. पाण्यात उतरणार असाल किंवा खडकांवर जाणार असाल तर मात्र बंदराचं भरतीचं वेळापत्रकच बघा. सूर्याकडे बघत मागे मागे सरकणाऱ्याला पाठीमागचं पाणी दिसत नाही.

आरशासाठी आणखी एक. वाळूवर पाण्याचा पापुद्रा लाट परतल्यावर जेमतेम काही सेकंद टिकतो. लाट येताना नव्हे, परतताना बटण दाबायचं.

---

तांबडीमाती

मूळ लेखातल्या 'संध्याकाळ म्हणजे छायाकृतीची वेळ' याला माझी हरकत आहे. संध्याकाळीही कडेचा उजेड मिळतो, फक्त काळा पडदा शोधावा लागतो. कोकणात किनारे बहुतेक दोन डोंगरांच्या समुद्रात शिरलेल्या नाकांमध्ये अडकलेले. सूर्यास्ताच्या वेळी त्या नाकाची आपल्याकडची बाजू सावलीत असते. विषयाच्या मागे ते नाक घ्या, सूर्य फ्रेमच्या बाहेर बाजूला ठेवा.

कुठलं नाक, ते महिन्यावर ठरतं. रत्नागिरीच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे १७ अंशांवर, डिसेंबरअखेर सूर्य पश्चिमेच्या २५ अंश दक्षिणेला बुडतो, जूनमध्ये तितकाच उत्तरेला. मार्च आणि सप्टेंबरच्या २१-२२ च्या आसपास बरोबर पश्चिमेला. म्हणून नोव्हेंबर ते जानेवारी किनाऱ्याचं दक्षिण टोक मागे धरा, एप्रिल-मेमध्ये उत्तर टोक. उलटं केलंत तर सूर्य आणि नाक यांच्यात इतकं अंतर पडतं की तो बॅकलाइट राहत नाही, बाजूचा उजेड होतो.

डोंगर नसेल तर ओढून ठेवलेल्या होडीची काळी बाजू चालते. चालत येणारा माणूस होडीच्या सावलीतल्या बाजूसमोर आला की त्याची कड दिसते, पुढे आकाशासमोर गेला की तोच माणूस छायाकृती होतो. दोन पावलांचा फरक.

---

कवडसा

तांबडीमाती, मान्य. 'संध्याकाळी छायाकृती सहज, कड मेहनतीने' असं म्हणायला हवं होतं. तरी सकाळची बाजू सोडत नाही, आणि त्याला वाऱ्याचं कारण आहे. दुपारनंतर खारे वारे समुद्राकडून येतात आणि तुम्ही समुद्राकडे लेन्स रोखून उभे असता. सगळे खारट तुषार थेट काचेवर. पहाटे-सकाळी मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे जातात, शिवाय लेन्स जमिनीकडे असते. काच दुप्पट वेळ स्वच्छ राहते.

---

लेन्सपुसणी

माझा विषय निघाला. 😄

समुद्रावरच्या बॅकलाइटच्या फोटोतला दुधाळपणा निम्म्या वेळा लेन्सच्या दर्जाचा नसतो, मिठाचा असतो. पुढच्या काचेवर मिठाचा पातळ थर बसला की तो सूर्याचा उजेड सगळ्या फ्रेमवर पसरवतो आणि काळं राखाडी होतं. सूर्य पाठीशी असताना हाच थर दिसतही नाही, म्हणून लोकांना पत्ता लागत नाही. तपासायचं असेल तर लेन्स सूर्याकडे तिरकी धरून पुढच्या काचेवरून आडवं बघा.

शर्टाच्या टोकाने कोरडं पुसू नका. मिठाचे आणि वाळूचे कण काचेवर घासले जातात. आधी ब्लोअरने फुंकर, मग मायक्रोफायबर कापडावर (काचेवर नाही) लेन्स-द्रवाचे दोन थेंब, मधून बाहेर गोल गोल पुसणं, मग कोरड्या कापडाने. कापडं दोन ठेवा, ओलं वेगळं, कोरडं वेगळं. दर पंधरा-वीस मिनिटांनी बघा.

समोरचा यूव्ही फिल्टर: तुषार उडत असतील तर संरक्षणासाठी लावा, पण सूर्य फ्रेममध्ये घेताना काढा. सपाट काच आणि लेन्स यांच्यात उजेड आपटून जास्तीचे ठिपके येतात.

हूड (लेन्सच्या पुढे बसवायचं कडं) सूर्य फ्रेमच्या बाहेर असतानाच कामाचा. सूर्य फ्रेममध्ये असेल तर हूडने काही होत नाही. सूर्य फ्रेमच्या जरासा बाहेर असेल तर हूडही अपुरा पडतो, तिथे डावा पंजा लेन्सच्या वर असा धरा की पंजाची सावली पुढच्या काचेवर पडेल. काचेवरचं ऊन नाहीसं होईपर्यंत पंजा सरकवायचा. तिवईवर असाल तर टोपी. फोटोत बोट आलं तर कापता येतं, राखाडी झालेला काळा रंग परत आणायला जास्त खटपट.

सूर्याचा तारा हवा असेल तर एफ/१६ आणि सूर्य अर्धामुर्धा झाकलेला: माडाच्या बुंध्याआड, तटाच्या कडेला, डोलकाठीच्या टोकाला. छिद्राच्या पात्या सम असतील तर तितकीच टोकं, विषम असतील तर दुप्पट. सात पात्यांची चौदा, आठांची आठच. एफ/१६ वर सेन्सरवरचा प्रत्येक धूलिकण आकाशात उमटतो, हेही लक्षात असू द्या.

---

नवी_लाट

मोठा लालभडक सूर्य आणि त्याच्यासमोर माणूस, असे फोटो बघते. ते खरे असतात की जोडलेले?

---

तांबडीमाती

दोन्ही असतात. खरा काढायचा तर गणित असं. सूर्याची आकाशातली रुंदी सुमारे अर्धा अंश. सेन्सरवर त्याचा व्यास लेन्सच्या मिमीच्या साधारण शंभराव्या भागाइतका: २०० मिमीला २ मिमीच्या आत, ४०० मिमीला पावणेचारच्या आसपास. फुल फ्रेम सेन्सरची उंची २४ मिमी. म्हणजे ४०० मिमीलाही सूर्य फ्रेमच्या उंचीचा जेमतेम सहावा भाग. मोबाइलच्या मुख्य लेन्सने ठिपका येतो तो म्हणूनच.

आता माणूस. सूर्याइतका उंच दिसायला पावणेदोन मीटरचा माणूस तुमच्यापासून १९० मीटरच्या आसपास हवा. ९५ मीटरवर तो सूर्याच्या दुप्पट. सहा मीटरची होडी सूर्याइतकी रुंद दिसायला साडेसहाशे मीटर दूर. म्हणून असे फोटो लांबलचक सपाट किनाऱ्यांवर जमतात, डोंगरांत अडकलेल्या छोट्या किनाऱ्यांवर नाही. जोडलेला फोटो ओळखायलाही हेच गणित कामाला येतं.

वेळ फार थोडा मिळतो. क्षितिजाला टेकल्यापासून सूर्य पूर्ण बुडायला इथे सव्वादोन मिनिटं, थंडीत थोडी जास्त. जागा आधी ठरवलेली हवी.

महत्त्वाचं: डीएसएलआरच्या आरशाच्या व्ह्यूफाइंडरमधून टेलीफोटो लावून सूर्याकडे बघू नका. डोळ्याला कायमची इजा होते. लाइव्ह व्ह्यू वापरा, आणि मधल्या वेळात लेन्सवर झाकण लावा. मिररलेस कॅमेरा उघडा सूर्याकडे रोखून तिवईवर सोडून गप्पा मारत बसणंही महागात पडतं.

एप्रिल-मेमध्ये मात्र सूर्य पाण्याला टेकण्याआधीच क्षितिजावरच्या धुरकटात विरतो. पंचांगातली वेळ धरून बसलात तर फसाल, वीस मिनिटं आधी तयार राहा. पाऊस गेल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा सर्वांत स्वच्छ.

---

सुरूचं_बन

बोटांचा हिशोबही सांगा कुणी. 'हात लांब करून चार बोटं म्हणजे सूर्यास्ताला एक तास' असं सगळीकडे लिहिलेलं असतं.

---

भरतीओहोटी

आपल्याकडे ते लागू पडत नाही. लांब केलेल्या हाताची मूठ साधारण १० अंश, एक बोट दोनच्या आत. आपल्या अक्षांशावर सूर्य बराच उभा खाली उतरतो, तासाला १३ ते १४ अंश. म्हणून मूठ म्हणजे ४०-४५ मिनिटं, चार बोटं म्हणजे अर्धा तास. उत्तरेकडच्या देशांत सूर्य तिरका सरकतो, तिथला संधिप्रकाशही लांबतो. इथे सूर्य बुडाल्यावर कामाचा उजेड वीस-बावीस मिनिटं, मग झपकन अंधार. घड्याळाच्या वेळा म्हणाल तर रत्नागिरीत डिसेंबरअखेर सूर्यास्त ६ वाजून ५-१० मिनिटांनी, जूनअखेर ७ वाजून १० च्या पुढे.

---

खळ्यातली

सगळे समुद्रावरच आहेत. जरा आगरात या.

माड-पोफळींच्या आगरात सकाळी आठ ते साडेनऊ कवडसे पडतात, पण हवा स्वच्छ असेल तर ते जमिनीवरच दिसतात, हवेत नाही. हवेतली तिरीप दिसायला धूर, धुकं किंवा धूळ लागते. बारीक कण आपल्यावर पडलेला उजेड बहुतांश पुढच्या दिशेला फेकतात, मागे फार थोडा. म्हणून उजेडाकडे तोंड केलं की धूर पेटल्यासारखा दिसतो, पाठ केली की तोच धूर मळकट. सोडणं (नारळाची सालं) जाळून पाणी तापवणारी चूल चालू असेल तर वाऱ्याच्या खालच्या बाजूला, सूर्य झाडाच्या बुंध्याआड धरून उभं राहा. धूर विरळ हवा, दाट झाला की नुसता पांढरा पडदा. एक्स्पोजर तिरिपीवर स्पॉट (फक्त तेवढ्याच छोट्या जागेचा उजेड) मोजून, तिथून अर्धा ते एक स्टॉप जास्त.

आरपार उजेडासाठी केळीचं कोवळं पान, हळदीचं पान, तेरड्याच्या पाकळ्या. हरितद्रव्य लाल आणि निळा भाग शोषून घेतं, म्हणून आरपार दिसणारा हिरवा वरून दिसतो त्याहून पिवळसर. स्पॉट मोजणी पानावर करा आणि तिथेच ठेवा, फार तर एक-तृतीयांश वाढवा. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) तिन्ही रंगांचा वेगळा बघा. एकत्रित आलेख ठीक दिसतो आणि हिरवा मर्यादेबाहेर वाहिलेला असतो, मग पानाच्या शिरा गायब. बोंबील बांबूंवर सुकत टांगलेले असतात तिथेही हेच: मधला काटा दिसायला हवा, तो दिसत नसेल तर उजेड जास्त झाला.

आता स्वयंपाकघर. उकडीच्या मोदकांची वाफ फोटोत येत नाही म्हणून विचारतात. वाफ समोरच्या उजेडात दिसतच नाही. मोदकपात्र खिडकीपासून हातभर आत, खिडकी मोदकांच्या मागे पण जराशी बाजूला (घड्याळात मोदक मध्यावर धरले तर १० किंवा ११ च्या जागी). वाफेच्या बरोबर मागे काळं काहीतरी: काळा पुठ्ठा, उघडं दार आणि पलीकडे काळोखी खोली. खिडकीच वाफेमागे आली तर पांढऱ्यावर पांढरं. शटर १/१०० ते १/२००, हळू ठेवलं तर वाफेचे पीळ विरघळतात. मोदकांच्या पुढच्या कळ्या काळ्या पडतात त्यासाठी अलीकडून पांढरा पुठ्ठा, मोदकांपासून वीतभर. स्टीलची थाळी ठेवू नका, ती खिडकीचा लखलखीत डाग परत फेकते. झाकण काढल्यावर चांगली वाफ अर्धा मिनिट टिकते. फोकस आधी झाकणाच्या कडेवर हाताने लावून ठेवा.

कोकम सरबताला ग्लासच्या मागे ३०-४० सेंटिमीटरवर बटर पेपर, त्यामागून उजेड. उजळ भाग फ्रेमपेक्षा किंचितच मोठा ठेवा, दोन्ही बाजूंना काळे पुठ्ठे. ग्लासची कड काळी, रेखीव येते. उलट काळ्यावर चमकती कड हवी असेल तर मागे फ्रेमभर काळा पुठ्ठा आणि त्याच्या बाहेरून उजेड. सरबत फार गडद असेल तर लाल न दिसता काळं दिसतं. प्यायच्यापेक्षा दुप्पट पातळ करा. सोलकढीच्या वाटेला जाऊ नका, ती दुधट असल्यामुळे आरपार उजेड जात नाही.

---

नुसताप्रेक्षक

सोलकढीवरचा अन्याय सोडला तर खळ्यातली यांचा प्रतिसाद जपून ठेवावा असा. +१

एक प्रश्न. लग्नाआधीच्या फोटोंत मागे सूर्य आणि चेहरेही नीट दिसतात. ते कसं?

---

तांबडीमाती

समोरून उजेड भरून. सर्वांत स्वस्त रिफ्लेक्टर वाळू. तारकर्ली-मालवणकडची फिकट वाळू चेहऱ्यावर चांगला उजेड परतवते, अलिबागकडची काळसर वाळू फारसा नाही. जोडप्याला खाली बसवलं की वाळू जवळ येते आणि फरक लगेच दिसतो. वाळू काळी असेल तर पांढरी चादर अंथरा, फ्रेमच्या खालच्या कडेबाहेर. चिऱ्याच्या भिंतीजवळ उभं केलंत तर जांभ्यावरून तांबूस उजेड परततो आणि गोरे-सावळे सगळेच लालसर दिसतात. दोन पावलं पुढे आणा किंवा भिंतीवर तीच चादर टाका.

मोजणी चेहऱ्यावर करा. पूर्ण फ्रेमची मोजणी वापरत असाल तर एक ते पावणेदोन स्टॉप वाढवा, आकाश फिकट होईल ते मान्य करून.

आकाशही हवं असेल तर फ्लॅश. आधी फ्लॅश बंद ठेवून आकाश हवं तसं लावा: आयएसओ १००, १/२००, एफ/८ च्या आसपास. मग फ्लॅश. गाइड नंबर (फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा) ३६ चा फ्लॅश पूर्ण ताकदीवर एफ/८ ला ३६ भागिले ८, म्हणजे साडेचार मीटर पुरतो. छत्री लावली की साधारण दोन स्टॉप जातात, अंतर निम्मं, सव्वादोन मीटर. १/२०० च्या पुढे शटर नेलं तर फ्रेमचा एक पट्टा काळा येतो. हाय-स्पीड सिंक (फ्लॅशला जलद शटरशी जुळवणारी सोय) चालू केलं तर पट्टा जातो पण ताकद खूप घटते, सूर्याशी झुंजायला पुरत नाही. त्यापेक्षा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी राखाडी काच) लावून छिद्र मोकळं ठेवणं कधीकधी बरं, फक्त फ्लॅशची ताकदही तितकीच खाल्ली जाते.

फ्लॅशचा रंग ५५०० केल्विनच्या आसपास, मावळतीचं ऊन ३०००-३५००. उघडा फ्लॅश मारला तर मागे सोनेरी आणि चेहरा चुनकळी फासल्यासारखा. फ्लॅशवर अर्धी सीटीओ जेल (फिकट नारिंगी पारदर्शक पट्टी) लावा. व्हाइट बॅलन्स 'डेलाइट'वर पक्का ठेवा, 'ऑटो' सोनेरी रंगाला दोष समजून निळं ढकलतं.

खाऱ्या वाऱ्यात छत्री पतंगासारखी उडते. स्टँडच्या पायथ्याशी वाळू भरलेली पिशवी बांधा, तरीही एक माणूस धरायला ठेवा. आणि किनाऱ्यावरून आल्यावर तिवई-स्टँडचे पाय गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर दोन महिन्यांत पेच गंजतात.

---

सुरूचं_बन

रापण (किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं) ओढतानाचे फोटो सकाळचे की संध्याकाळचे? आणि फोकस सारखा पुढेमागे का पळतो?

---

कवडसा

दोन्ही वेळचे, पण वेगळे. संध्याकाळी जमिनीकडून समुद्राकडे बघत दोर ओढणाऱ्यांची रांग छायाकृतीत घ्या. कॅमेरा खाली, जवळजवळ वाळूवर, म्हणजे डोकी क्षितिजाच्या वर आकाशात येतात. उभ्याने काढलात तर डोकी काळ्या समुद्रपट्ट्यात मिसळतात आणि माणसं बिनडोक्याची दिसतात. दोन माणसांमध्ये आकाशाची फट दिसेल त्या क्षणाची वाट बघा. एकावर एक आली की काळा गोळा. रांगेच्या एका टोकाला उभं राहून रांग तिरकी घेतली तर गोळा होतोच, बाजूने आडवी घ्या.

सकाळी पाण्याच्या बाजूने जमिनीकडे. दोरावरून निथळणारे थेंब सुरूच्या काळोखासमोर चमकतात. १/१०००, एफ/४. दोराच्या आड येऊ नका, ती माणसं कामात असतात, आणि चेहरे ओळखू येणार असतील तर आधी विचारा.

फोकस पळतो कारण समोरच्या सूर्यामुळे कॅमेऱ्याला कॉन्ट्रास्टच सापडत नाही. एकच फोकस-बिंदू निवडा आणि तो आकृतीच्या कडेवर ठेवा, जिथे काळं आणि उजळ भेटतं. चेहऱ्याच्या मध्यावर ठेवाल तर तो सपाट काळा. फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर द्या, म्हणजे एकदा लॉक झाल्यावर शटर दाबताना तो पुन्हा पळत नाही. लेन्ससमोर पंजा धरून सूर्य क्षणभर झाकला तरी फोकस लॉक होतो, मग पंजा काढा.

---

खळ्यातली

शिमग्यात पालखी नाचवताना उडणारी धूळ आणि गुलाल विसरलात. वर लिहिलेलं धुराचं तत्त्वच तिथे लागू. पालखी उन्हात आणि मागे देवराईची किंवा देवळाच्या सावलीतली बाजू आली की धुळीचं सोनं होतं. लेन्स मात्र तिथे बदलू नका. गुलाल सेन्सरवर बसला तर फुंकरीने निघत नाही.

---

नवी_लाट

आणि पावसाळ्यात? सूर्यच नसेल तर बॅकलाइट कसला?

---

लेन्सपुसणी

पावसाळ्यात सूर्य लागत नाही, मागे उजळ आणि अलीकडे काळोख इतकंच पुरतं. पडवीच्या आतून बाहेर बघा. पागोळ्या ढगाळ आकाशासमोर नाही, समोरच्या काळ्या झाडीसमोर घ्या, आणि उजेड वरून-मागून येऊ दे. थेंब कौलांवरून सुटल्यावर ३० सेंटिमीटरवर त्याचा वेग सेकंदाला सुमारे अडीच मीटर, जमिनीजवळ, अडीच मीटर खाली, सात मीटर. म्हणून गोठलेले गोल थेंब हवे असतील तर वळचणीच्या जवळचा भाग, १/१०००. तिथेही १/२५० ला थेंबाची सेंटिमीटरभर रेघ होते. रेघाच हव्या असतील तर खालचा भाग आणि १/६०.

रात्री पडवीत दिवा बंद, अंगणात पागोळ्यांच्या पलीकडे एक बॅटरी झाडीच्या बुंध्याशी ठेवून आपल्याकडे रोखा, बल्ब खांबाआड झाकून. प्रत्येक थेंब पेटतो. बॅटरी प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड दोऱ्याने बांधून.

फक्त कासवांची पिल्लं सोडतात त्या किनाऱ्यांवर, वेळाससारख्या ठिकाणी, असले बॅटरीचे खेळ नकोत. पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्राची दिशा चुकतात. फ्लॅशही नको. तिथे असेल त्या उजेडात, आयएसओ वाढवून.

घरी आल्यावर कॅमेरा ओल्या बॅगेत ठेवू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि दहा-वीस रुपयांत मिळतो तसा छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान. निळं जेल गुलाबी झालं की १२० अंशांवर तास-दोन तास तापवून पुन्हा वापरता येतं.

---

नुसताप्रेक्षक

दहा-वीस रुपयांत आर्द्रतामापक कुठे मिळतो तेवढं सांगा. 😄

---

लेन्सपुसणी

चुकलो, शून्य राहिलं. शंभर-दोनशे रुपये धरा.